तांबडीचा चार्ट

बुधवार, ३

गोठ्यातली फरशी झाली एकदाची. सपाट, एकसारखी, इस्पितळाच्या वॉर्डासारखी. सदतीस वर्षं मी वॉर्ड घासून घेतले, शेवटची अकरा वर्षं मेट्रन म्हणून; निवृत्त होऊन आता भावाच्या घरी आले आहे. आणि माझ्या डोळ्यांदेखत वासराला जुलाब होतात, घरातले "होतं असं" म्हणून हात झटकतात, हे मी चालवून घेणार नव्हते.

जुलाबाचं कारण मी पहिल्याच दिवशी शोधून काढलं होतं. ज्या गवंड्याने ही फरशी केली त्याने तिच्यावर बोट-बोट रुंदीच्या खाचा पाडून ठेवल्या होत्या, भिंतीपासून दारापर्यंत, उभ्या-आडव्या. का, तर म्हणे पद्धत आहे. त्या खाचांत शेण, मूत, सांडलेलं दूध, सगळं साठायचं. ब्रशचा केस आत जायचा नाही. जंतूंसाठी याहून चांगली सोय मला तरी सुचली नसती.

धाकट्याला सांगितलं, बुजव. धाकटा म्हणजे माझा भाऊ. वय छप्पन्न, पण धाकटा तो धाकटाच. म्हणाला, "असू दे ना ताई त्या." का असू दे, विचारलं तर गप्प. का विचारलं की तो लहानपणापासून गप्पच होतो. मग मी त्याला वासराचं शेपूट उचलून दाखवलं. दोन दिवस त्याने सिमेंट कालवलं आणि मी स्टूल टाकून बसून एकूण एक खाच भरून घेतली. भावजय मध्ये एकदा चाऱ्याचा भारा घेऊन आली, दारात थांबली, बघितलं आणि गेली. तिला स्वच्छतेचं कौतुक कधी नव्हतंच.

सिमेंट मुरेपर्यंत जनावरं अंगणात झाडाखाली. जनावरं म्हणजे तीन: तांबडी, तिचं तीन आठवड्यांचं वासरू आणि एक कालवड. घरातलं दूध काय ते एकट्या तांबडीचं.

शनिवार, ६

वासराचे जुलाब थांबले. शेण घट्ट. फरशी होऊन तीनच दिवस झाले आहेत. मी जेवताना हे सांगितलं. धाकटा म्हणाला, वासरू तर तीन दिवस बाहेरच आहे. म्हणजे काय? विचारलं तर म्हणाला, मला भात वाढ.

सोमवार, ८

तांबडी पडली.

नीट लिहायला हवं. काल संध्याकाळी जनावरं आत घेतली. आज सकाळी आठला मी फरशी साबणाच्या पाण्याने आणि फिनेलने धुतली. खराटा घेऊन दारात उभी होते. भावजय तांबडीला पाण्यावरून घेऊन आली. मी म्हटलं, थांब, फरशी वाळू दे. ती थांबली. आतून वासरू हंबरलं. तांबडी थांबली नाही.

पुढचे पाय आत आले तोवर ठीक होती. मागचे आले आणि दोन बाजूंना गेले. एक इकडे, एक तिकडे, निघतच गेले. ओलं जाड कापड फाडावं तसा आवाज झाला. मी हाडं मोडल्याचे आवाज ऐकले आहेत, हा तसा नव्हता. तिने तीनदा उठायचा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी मान वर केली आणि तशीच ठेवली. त्यानंतर प्रयत्नही केला नाही.

तिला कडक फरशीवर ठेवून चालणार नाही, असं धाकटा म्हणाला. आज तो दिवसभरात एवढंच बोलला. त्याने माझ्या खोलीचं दार बिजागऱ्यांवरून काढलं, न विचारता. पाच शेजारी आले. तिला दारावर लोटली, दार ओढत अंगणातल्या पत्र्याच्या पडवीत नेलं. तिथे वाळू आणि वाळलं गवत पसरलं आणि तिला उतरवली. माझ्या खोलीला आता दार नाही.

चुका कुणाच्या ते आजच लिहून ठेवते, उद्या सगळे विसरतील. भावजयीने दावं सैल धरलं होतं. आणि मुख्य म्हणजे दोष गवंड्याचा. सिमेंट इतकं गुळगुळीत केलंच कसं त्याने? जनावरं राहणार हे त्याला माहीत नव्हतं?

मंगळवार, ९

जनावरांचे डॉक्टर आले. टक्कल, जाड मिशा, हात खांद्यापर्यंत धुतात हे आवडलं. अर्धा तास तपासलं. हाड मोडलेलं नाही. मांडीच्या आतले स्नायू फाटले आहेत आणि नस दाबली गेली आहे, डाव्या पायाची जास्त. शिरेतून कॅल्शियमची बाटली दिली, दुखण्याचं इंजेक्शन दिलं. मागचे दोन पाय मऊ पट्टीने एकमेकांना बांधले, मध्ये हातभर अंतर ठेवून, म्हणजे पुन्हा फाकणार नाहीत.

मी विचारलं, आता करायचं काय. म्हणाले, "कूस बदलायची, दर दोन तासांनी. एवढं वजन एकाच बाजूवर राहिलं तर खालचा पाय आतून मरतो. कास रिकामी ठेवायची. आणि वाट बघायची."

किती?

"दहा दिवस धरा. त्यात स्वतःच्या पायावर उभी राहिली नाही, तर तिला छळण्यात अर्थ नाही. मी येईन आणि सोडवीन तिला."

भावजय तांबडीच्या मानेवर हात फिरवत बसली होती. तो हात एकदम थांबला. तांबडीची आई हिला जन्म देऊन दुसऱ्या दिवशी मेली होती. भावजयीने हिला बाटलीने वाढवली, पहिले दोन महिने स्वयंपाकघरात ठेवून. तेव्हा मी पत्रात लिहिलं होतं की स्वयंपाकघर जनावरांसाठी नसतं.

दहा दिवस म्हणजे गुरुवार, अठरा.

दर दोन तासांनी कूस. हे काम मला कुणी शिकवायला नको. लकवा झालेले, कंबर मोडलेले, शुद्धीवर नसलेले, किती जणांच्या कुशी मी बदलल्या असतील, आणि एकाच्याही पाठीला जखम होऊ दिली नाही. धाकट्याच्या जुन्या वहीची पानं फाडली, पट्टी घेऊन रकाने आखले. वेळ, ताप, नाडी, श्वास, चारा, पाणी, शेण, कूस. शेवटचा रकाना पायाचा. पुठ्ठ्याला चिमटा लावून चार्ट पडवीच्या खांबावर टांगला आहे.

गुरुवार, ११

गाईची कूस बदलणं आणि माणसाची बदलणं यात साडेतीनशे किलोंचा फरक आहे. धाकटा पुढचे पाय धरतो, भावजय मान वळवते, मी मागून तिच्या पुठ्ठ्याला खांदा लावते. तीन म्हटलं की जोर लावायचा. धाकटा दोनवरच लावतो. मग ती अर्धी वळते आणि पुन्हा आहे त्या कुशीवर येते, आणि तेव्हा जो आवाज काढते तो मला सहन होत नाही. मी त्याला म्हटलं, शाळेत तीनपर्यंत शिकवलं होतं ना? भावजय हसली. सोमवारनंतर पहिल्यांदा.

रात्रीच्या पाळ्या त्या दोघांनी घेतल्या आहेत, एका शेजाऱ्याला हाताशी घेऊन. माझ्या कमरेकडे बघून ठरवलं असावं. मी हरकत घेतली, कुणी ऐकलं नाही.

नाडी शेपटीच्या मुळाशी लागते. चौऱ्याऐंशी. जास्त आहे. ताप नाही. चारा अर्धाच खाल्ला. सेफ्टी पिनने खुराच्या फटीत टोचून बघितलं. उजवा पाय ओढून घेते. डाव्याला काही नाही. पिन लाकडात टोचावी तसं.

भावजय म्हणाली, "टोचता कशाला तिला, वन्सं? आधीच काय कमी आहे?" मी सांगितलं, नस जिवंत आहे का ते असंच कळतं. ती म्हणाली, आणि नसली तर? मी चार्ट लिहीत होते.

शुक्रवार, १२

गोठ्यातून टक टक आवाज येत होता. पेशंट वीस फुटांवर आणि हा माणूस छिन्नी-हातोडी घेऊन फरशी ठोकत बसलेला. मी जाऊन विचारलं, काय चाललंय. म्हणाला, "काही नाही, बघतोय." काय बघतोस? "सिमेंट कसं बसलंय ते." मी त्याला आजारी माणसाजवळच्या शांततेबद्दल थोडक्यात समजावलं. भावजय म्हणते थोडक्यात नव्हतं. त्याने हातोडी खाली ठेवली. मी आंघोळीला गेले की पुन्हा टक टक. बाहेर आले की बंद.

कालवडीलाही तो आत घेत नाही, झाडालाच बांधतो. विचारलं तर म्हणे तिला बाहेर आवडतं. कालवडीच्या आवडीनिवडी त्याला समजतात. मला माझ्या खोलीला दार आवडतं, हे पाच दिवसांत लक्षात आलं नाही. वासराच्या कोपऱ्यात मात्र भावजयीने भरपूर गवत पसरलं आहे, माझ्या धुतलेल्या फरशीवर. मी आज बोलले नाही. सगळीकडे एकाच वेळी लढता येत नाही.

गवंड्याबद्दलची तक्रार लिहायला घेतली. दोन पानं झाली. माझं अक्षर अजून चांगलं आहे.

रविवार, १४

गवंडी आला. मीच निरोप पाठवला होता. वाळलेला, साठीचा माणूस, कानामागे पेन्सिल. मी त्याला आधी पडवीत नेऊन तांबडी दाखवली. पाहू दे, म्हटलं, कामचुकारपणा कसा दिसतो ते. त्याने टोपी काढली. मग गोठ्यात नेलं. तो खाली बसला, फरशीवरून तळवा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि म्हणाला, "पण इथे खा..."

धाकटा खोकला. त्याला खोकला झालेला मला माहीत नव्हतं.

गवंड्याने त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग उठला, गुडघे झटकले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "बरोबर आहे बाई. गुळगुळीत झालंय. चूक झाली."

मी एवढ्या लवकर कबुलीची अपेक्षा केली नव्हती. दोन पानांचा मजकूर तयार होता, त्यातला चौथा भागही वापरावा लागला नाही. मी त्याला सांगितलं की चूक मान्य करणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे, तक्रार पाठवणार नाही. त्याने मान हलवली. जाताना पडवीत थांबला आणि वाकून तांबडीच्या कपाळावर हात ठेवला. धाकटा त्याला फाटकापर्यंत सोडायला गेला. तिथे दोघं बराच वेळ उभे होते. धाकट्याने त्याचा हात धरला होता.

इतक्या वर्षांत मी हे शिकले की लोकांना स्पष्ट बोललेलं चालतं. फक्त कुणीतरी बोलावं लागतं.

डाव्या पायाला टोचल्यावर मांडीची कातडी थरथरली. माशी बसल्यावर थरथरते तशी. माशी नव्हती. चार्टवर लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

सोमवार, १५

वाईट दिवस.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तिला उचलून बघायचं होतं. पोती शिवून पोटाखालून झोळी घातली, पडवीच्या तुळईला कप्पी लावली, चौघा शेजाऱ्यांनी साखळी ओढली. ती वर आली, पण पाय आलेच नाहीत. भिजलेलं पोतं लटकवावं तशी लटकत राहिली, खूर जमिनीवर घासत. मग झोळी पुढे सरकली, तिचा श्वास कोंडला, जीभ बाहेर आली. मी ओरडले, सोडा. खाली घेईपर्यंत डाव्या पुठ्ठ्याची कातडी सोलवटली.

मी जखम धुतली, औषध लावलं. सदतीस वर्षांत एकही जखम होऊ दिली नव्हती.

दुपारपासून तिने काही तोंडात घेतलेलं नाही. रवंथ बंद. नाडी शहाण्णव. डोळे आत गेले आहेत. वासराला तिच्याजवळ आणलं तर तिने मानही वळवली नाही. वासरू तिच्या कानाला चाटत राहिलं, मग कंटाळून भावजयीची बोटं चोखायला लागलं.

भावजयीने स्वयंपाक केला, आम्हाला वाढला, आणि स्वतःचं ताट झाकून ठेवलं. मी म्हटलं, तू उपाशी राहून ती उठणार आहे का? म्हणाली, "नाही. पण मला गिळवत नाही, वन्सं." एवढं साधं. मला राग आला, कुणाचा ते कळेना. मग मीही ताट सारलं आणि धाकट्याने एकट्याने जेवावं तरी कसं, तोही उठला. तीन झाकलेली ताटं.

तीन दिवस उरले.

मंगळवार, १६

सकाळी डॉक्टर आले. सगळं क्रमाने लिहिते.

त्यांनी जखम बघितली, शिरेतून बाटली लावली, पोट ऐकलं. फार बोलले नाहीत. मग त्यांचं मोठं रजिस्टर काढलं. आजवरच्या नोंदी पुऱ्या करायच्या होत्या. गाईचं वय, वेत कितवं, कधी पडली. भावजय सांगत होती, ते लिहीत होते. कारण, त्यांनी विचारलं. "घसरून," ती म्हणाली. मग ते सहज म्हणाले, "फरशीला खाचा नव्हत्या का?"

"नव्हत्या," भावजय म्हणाली. "पहिल्यापासून तशीच आहे."

आता नोंद म्हणजे नोंद. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला शिकवलं होतं की शाईने लिहिलेलं खोडायचं नाही, चूक असेल तर त्यावर एकच रेघ मारायची, खाली सही करायची. इस्पितळात मी खोट्या नोंदीसाठी दोन नर्सना घरी पाठवलं होतं. आणि इथे माझ्यादेखत ही बाई डॉक्टरांच्या रजिस्टरात धडधडीत खोटं लिहवून घेते आहे.

मी म्हटलं, "खोटं काय सांगतेस? होत्या. बोटभर रुंद, सगळ्या गोठ्यात. तीन तारखेला मी समोर बसून बुजवून घेतल्या. हवं तर माझ्या डायरीत तारीख आहे."

डॉक्टरांचं पेन थांबलं.

त्यांनी भावजयीकडे बघितलं. ती तांबडीच्या कानामागची गोचीड काढत होती, तिथे गोचीड नव्हती. धाकटा बाटली उंच धरून उभा होता, त्याने डोळे मिटले होते.

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "बाई, त्या खाचा जनावराचा खूर अडकून राहावा म्हणूनच पाडतात. ओल्यात घसरू नये म्हणून."

मग भावजय म्हणाली, "वन्सं, चहा ठेवता का सगळ्यांना?"

मी चहा ठेवला. साखर दोनदा घातली. उतू गेला. बाहेर घेऊन गेले तर डॉक्टर निघून गेले होते.

बुधवार, १७

काल ही वही पहिल्यापासून वाचली.

सगळं माझ्याच अक्षरात आहे. "असू दे ना ताई त्या." वासरू तीन दिवस बाहेरच होतं. गवंडी फरशीवर हात फिरवून काय म्हणणार होता. धाकटा कशासाठी ठोकत होता. कालवडीला आत का घेत नव्हता. मी सगळं बघितलं होतं, तारीख घालून लिहिलं होतं, आणि त्यातलं काही मला दिसलं नव्हतं. एखाद्या शिकाऊ नर्सने असा चार्ट लिहिला असता तर मी विचारलं असतं, नोंदी करतेस की अक्षर गिरवतेस?

वॉर्डात चूक झाली की मी सगळ्यांना ओळीत उभं करायचे आणि विचारायचे, कुणी केलं? मला तो प्रश्न फार आवडायचा. या घरात नऊ दिवस तो कुणी विचारला नाही, मी सोडून.

आठ तारखेच्या पानावर "दोष गवंड्याचा" यावर एक रेघ मारली. खाली तारीख घातली, सही केली. "भावजयीने दावं सैल धरलं होतं" यावरही. तक्रारीची दोन पानं चुलीत घातली आणि गवंड्याला एक छोटी चिठ्ठी लिहिली. चार ओळींची. तेवढ्याला चार तास लागले.

धाकट्याला विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंस? तो विहिरीजवळ बादली घासत होता. म्हणाला, "तू सांगितलंस हे खरं, ताई. पण थापी माझ्या हातात होती." पुन्हा बादली घासायला लागला. छप्पन्न वर्षांत त्याने मला दिलेलं हे पहिलं कारण.

भावजयीला विचारणं अवघड होतं. ती कास रिकामी करत होती. मी समोर बसले आणि विचारलं, मला का नाही सांगितलंस?

तिने धार थांबवली नाही. म्हणाली, "सांगून ती उठली असती का?"

"तरी."

"तरी काय, वन्सं? दर दोन तासांनी वळवायला तिसरं माणूस लागतं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही खोलीत तोंड लपवून बसला असतात. त्या खोलीला दारसुद्धा नाही. मग हिला वळवलं असतं कुणी?"

दुसऱ्या सडाला हात घालत म्हणाली, "राग आला नाही असं नाही. पहिल्या दिवशी तुमच्या हातातला खराटा घेऊन तुमच्याच पाठीत घालावा असं वाटलं. पण तुम्ही चार्ट आखत बसला होतात, पट्टी घेऊन. म्हटलं, असू दे."

मग म्हणाली, वेळ झाली. चला. मी पुठ्ठ्याला खांदा लावला. धाकट्याने तीनवर जोर लावला.

तांबडीने संध्याकाळी दोन मुठी हिरवं गवत खाल्लं. नाडी अठ्ठ्याऐंशी. डाव्या पायात पिन टोचली तेव्हा खूर हलला. मला वाटलं माझा हात हलला. पुन्हा टोचली. खूर हलला. मी कुणाला सांगितलं नाही. उद्या अठरा.

गुरुवार, १८

डॉक्टर दहाला आले, सोडवायच्या औषधाची दुसरी बॅग घेऊन.

भावजय पडवीत मांडी घालून बसली होती, तांबडीचं डोकं मांडीवर. तिने वासराला आणून दाखवलं होतं, पुन्हा नेऊन बांधलं होतं. धाकटा कुदळ घेऊन मागच्या कुंपणाकडे गेला होता, काय करायला ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

डॉक्टरांनी पाय दाबून बघितले. झोळीने उचलायला सांगितलं. पुन्हा तेच, पाय अंगाखाली घडी झालेले. खाली ठेवली. ते उठले, बॅगेकडे गेले.

मी खांबावरचा चार्ट काढून त्यांच्यापुढे धरला. मेट्रन असताना मी मोठमोठ्या सर्जनांना दारात अडवलं आहे. आज फक्त म्हटलं, शेवटचा रकाना बघा.

त्यांनी बघितला. नऊ ते तेरा, डावा पाय, शून्य. चौदा, कातडी थरथरली. सोळा, खुराचं टोक हललं वाटतं. सतरा, खूर हलला, दोनदा. आज सकाळी सातला पाय ओढायचा प्रयत्न. त्यांनी पहिल्या पानापासून पुन्हा बघितलं. मग माझ्याकडे हात केला, पिन द्या म्हणून. मी दिली. त्यांनी टोचली. तांबडीने पाय घेतला, जेमतेम वीतभर, पण घेतला, आणि फुरफुरली.

"हे कुणी लिहिलं?"

भावजय म्हणाली, "आमच्या वन्संनी."

त्यांनी चार्ट परत दिला. म्हणाले, "मी तुम्हाला आशा दाखवत नाही. बहुतेक वेळा हे एवढ्यावरच थांबतं. पण तीन दिवस आणखी बघू. रविवारी येतो." बॅग उघडली नाही.

ते गेल्यावर मी मागच्या कुंपणाकडे गेले. धाकटा गुडघाभर खड्ड्यात उभा होता. मी म्हटलं, वर ये. रविवारपर्यंत वेळ आहे. तो वर आला नाही, खड्ड्याच्या कडेला बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. मी त्याच्या शेजारी मातीत बसले. नाडी बघावी तसं त्याचं मनगट धरलं.

दुपारी त्याच्याकडून छिन्नी-हातोडी मागून घेतली. तो म्हणाला, जमणार नाही तुला. मी म्हटलं, तेव्हा स्टुलावर बसून भरून घेतल्या, आता खाली बसून फोडते.

रविवार, २१

तीन दिवस फक्त चार्ट लिहिला. आज ही वही.

खाचा मोकळ्या करणं म्हणजे भरण्यापेक्षा दसपट काम. मीच सांगून सिमेंट चांगलं ठासून घेतलं होतं. धाकट्याने लपूनछपून दीड ओळ केली होती. उरलेल्या मी धरल्या. दोन्ही तळव्यांना फोड, आणि ओळी वाकड्या. माझं अक्षर चांगलं आहे, छिन्नीने नाही. गवंडी काल आला. चिठ्ठीबद्दल चकार शब्द काढला नाही. माझी ओळ बघून म्हणाला, "बाई, एवढी वाकडी मी शिकाऊ असतानाही पाडली नव्हती." मग शेजारी बसून चार ओळी करून गेला.

काल ती उठली नाही. परवाही नाही. शुक्रवारी मागचे पाय अंगाखाली घेतले आणि पुन्हा पडली. काल तेही केलं नाही. भावजयीने काल विचारलं, तो खड्डा कितपत खोल झालाय. मी म्हटलं, मला माहीत नाही. मला माहीत होतं.

आज सकाळी मी गोठ्यात दाराजवळ बसून ठोकत होते. वासरू कोपऱ्यात बांधलेलं. भूक लागली तसं हंबरलं. मी म्हटलं, आणते बाटली, दम धर, ही एवढी खाच होऊ दे. पुन्हा हंबरलं, मोठ्याने.

मग भावजयीचा आवाज आला. ओरडली नाही. फक्त म्हणाली, "वन्सं. बघा."

मी गुडघ्यांवरच वळले. तांबडी उभी होती. पडवीत, वाळूत, मागचे पाय पट्टीत बांधलेले, खालून थरथरणारे, पाठ कमानीसारखी. झोळी नव्हती, कुणी धरलं नव्हतं. भावजय तिच्याजवळ हात पसरून उभी होती, पण हात लागत नव्हता. धाकटा बादलीसकट जागच्या जागी थांबलेला. मी सवयीने घड्याळ बघितलं. नऊ वाजून दहा मिनिटं.

वासरू पुन्हा हंबरलं. तांबडीने मान गोठ्याकडे केली आणि पाऊल टाकलं. एक. मग दुसरं, जमिनीत काहीतरी शोधत असल्यासारखं. ती इकडेच येत होती.

मी दारात होते. माझ्यामागे फरशी होती, दोन ओळी अजून गुळगुळीत.

मी तिला थांब म्हटलं नाही. मागे गेले आणि वासराचं दावं सोडलं. ते माझ्या पायांतून निसटून अंगणात पळालं, थेट तिच्या पोटाखाली. तांबडी थांबली. चार पायांवर, जिथे होती तिथेच. तिने मान वळवून त्याचं शेपूट हुंगलं.

साडेसहा मिनिटं उभी होती. मग स्वतःहून, पुढचे गुडघे आधी टेकून, नीट बसली. डॉक्टर आले तेव्हा रवंथ करत होती. त्यांनी दुसरी बॅग आणलीच नव्हती की गाडीत ठेवली होती, मी विचारलं नाही. म्हणाले, अजून काही सांगता येत नाही, उद्या पुन्हा उठते का बघायचं, दूध पूर्वीसारखं येईल असं धरू नका. मी सगळं लिहून घेतलं.

त्यांनी रजिस्टर काढलं तेव्हा मी त्यांना कारणाच्या रकान्यात काय लिहायचं ते नीट सांगितलं, शब्दाशब्दाने, आणि लिहिलेलं वाचून दाखवायला लावलं. भावजय म्हणाली, आता पुरे ना, वन्सं. पुरे नव्हतं. नावापुढे माझी सही केली.

जेवताना धाकटा म्हणाला, आज तुझ्या खोलीचं दार लावून देतो. मी म्हटलं, आधी त्या दोन ओळी होऊ देत. दाराचं नंतर बघू.